विश्लेषण : बीडीओ, ग्रामसेवक ही पदं आली कुठून? हे खातं उभारणारे एस. के. डे कोण होते?

घरकुलाचा हप्ता अडला, विहिरीचं अनुदान रखडलं किंवा शाळेचं छप्पर गळायला लागलं की गावातला माणूस तालुक्याला जातो आणि पंचायत समितीच्या दारात उभा राहतो. तिथे तो बीडीओ साहेबांना, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना शोधतो. त्याआधी गावात ग्रामसेवकाला गाठून झालेलं असतं. ही पदं इतकी सवयीची झाली आहेत की ती इंग्रजांच्या काळापासून असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात तलाठी, पाटील आणि मामलेदार जुने. बीडीओ आणि ग्रामसेवक हे स्वतंत्र भारताचे. ही रचना देशभर नेणारं खातं ज्यांनी चालवलं त्यांचं नाव सुरेंद्रकुमार डे. ते ना मुलकी सेवेतले अधिकारी होते, ना मुरलेले राजकारणी. ते इंजिनीअर होते.

एस. के. डे कोण होते?

डे यांचा जन्म १९०६ चा, सिल्हेट जिल्ह्यातला. हा भाग तेव्हा पूर्व बंगाल व आसाम प्रांतात होता, आज बांगलादेशात आहे. इंजिनीअरिंगच्या शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले आणि पर्ड्यू व मिशिगन विद्यापीठांत शिकले. भारतात परतल्यावर अमेरिकी कंपनीसाठी क्ष-किरण यंत्रांच्या व्यवसायात त्यांनी काम केलं. आयुष्य त्याच वाटेने गेलं असतं तर त्यांचं नाव फारसं कुणाला कळलंही नसतं. पण १९४७ मध्ये फाळणी झाली. पश्चिम पंजाबातून लाखो माणसं भारतात आली. कुरुक्षेत्रात निर्वासितांची प्रचंड मोठी छावणी उभी राहिली. तंबूत राहायचं, मोफत शिधा घ्यायचा आणि पुढच्या दिवसाची वाट पाहायची, असं तिथलं जगणं होतं. नुसत्या शिध्यावर माणूस जगतो, पण उभा राहत नाही, अशी डे यांची खात्री झाली. पुनर्वसन खात्याचे मानद तांत्रिक सल्लागार म्हणून ते या कामात उतरले.

नीलोखेरीत काय घडलं?

दिल्लीहून अंबाल्याकडे जाताना कर्नाल आणि कुरुक्षेत्र यांच्या मध्ये नीलोखेरी लागतं. १९४८ मध्ये तिथे झाडोरा आणि दलदल होती. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या काही हजार निर्वासितांना घेऊन डे यांनी तिथे नवी वसाहत उभारायला घेतली. रस्ते, घरं आणि कार्यशाळा राहणाऱ्यांनीच बांधायच्या, असा नियम होता. तंत्रशिक्षणाची सोय झाली, सहकारी दुकानं निघाली, छोटे उद्योग सुरू झाले. आजूबाजूच्या खेड्यांनी या वस्तीला धान्य, भाजी द्यायची आणि वस्तीने खेड्यांना अवजारं, दुरुस्ती, शिक्षण, दवाखाना द्यायचा, अशी कल्पना होती.

या योजनेचं नाव होतं मजदूर मंझिल. तिच्या मुळाशी तीन हक्क होते : जगण्याचा, जगण्यासाठी काम करण्याचा आणि कमावलेलं पदरात पडण्याचा. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू नीलोखेरीला आले आणि प्रभावित झाले. अशा वसाहती देशात ठिकठिकाणी व्हाव्यात, असं त्यांना वाटू लागलं. सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. सरकारी पैसा आणि डे यांची स्वतःची धडपड यांवर हा प्रयोग बराच अवलंबून होता. दुसरीकडे हे दोन्ही कुठून आणायचं, हा प्रश्न पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे राहिला.

सामुदायिक विकास कार्यक्रम म्हणजे काय?

त्याच सुमारास उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात अमेरिकी नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांच्या मार्गदर्शनाखाली वेगळा प्रयोग चालू होता. तिथे नवी वसाहत नव्हती. जुन्याच खेड्यांत बियाणं, खत, आरोग्य, शिक्षण अशा सगळ्या विषयांसाठी एकच कार्यकर्ता जायचा. गावाने दहा खात्यांचे दहा माणूस ओळखण्यापेक्षा एकाला ओळखावं, हा त्यामागचा साधा विचार. ग्रामसेवक या पदाचं मूळ इथे सापडतं.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधी जयंतीला, ५५ प्रकल्पांनी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेची तांत्रिक मदत आणि फोर्ड फाउंडेशनचा प्रशिक्षणासाठीचा निधी त्याला मिळाला. कार्यक्रमाचे प्रशासक म्हणून नेहरूंनी डे यांना नेमलं. एका प्रकल्पात साधारण ३०० गावं, त्याचे तीन गट, म्हणजे गटाला सुमारे १०० गावं. गटावर एक विकास अधिकारी. त्याच्या हाताखाली शेती, पशुसंवर्धन, सहकार, समाजशिक्षण अशा विषयांचे विस्तार अधिकारी. सगळ्यात खाली ग्रामसेवक. गटविकास अधिकारी या नावातला गट तो हाच.

पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५३ ला, राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. कमी खर्चात जास्त गावांपर्यंत पोहोचायचं, असं धोरण ठरलं. १९५६ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झालं आणि डे त्याचे मंत्री झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातला जवळजवळ सगळा ग्रामीण भाग गटांमध्ये विभागला गेला आणि गटांची संख्या पाच हजारांच्या वर गेली.

यात नवीन काय होतं?

इंग्रजी राजवटीत खेड्यात सरकार दिसायचं ते सारा वसूल करताना किंवा पोलिसांच्या वेशात. नवं खातं गावात घ्यायला नव्हे, द्यायला आणि शिकवायला जाणार होतं. ग्रामसेवकाने सायकलवर पाच-दहा गावं फिरायची, शेताच्या बांधावर उभं राहून सुधारित बियाणं दाखवायचं, रात्री साक्षरता वर्गाला बसायचं, विहिरीत औषध टाकायचं. तो वयाने तरुण, पगाराने लहान आणि अधिकाराने त्याहून लहान होता. वरच्या प्रत्येक खात्याला आपलं काम त्याच्याकडूनच हवं होतं. हा ताण पहिल्या दिवसापासूनचा, आजच्या ग्रामसेवकालाही तो ओळखीचा वाटेल.

या माणसांना घडवण्यासाठी डे यांनी प्रशिक्षणावर भर दिला. देशभर प्रशिक्षण केंद्रं निघाली. सामुदायिक विकासाचा अभ्यास आणि संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९५८ मध्ये मसुरीला सुरू झाली. तीच पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्था म्हणून ओळखली जाते.

मग अडलं कुठे?

कार्यक्रम जितका वेगाने पसरला तितका तो पातळ झाला. लोकांचा सहभाग हा कार्यक्रमाचा गाभा होता, पण कागदावर सहभाग मोजायचा कसा? त्यामुळे मोजता येईल ते मोजलं गेलं : किती मैल रस्ता, किती समाजमंदिरं, किती खड्डे, श्रमदानाची किंमत किती रुपये. शिवाय बियाणं, खत, कर्ज यांचा उपयोग ज्याच्याकडे जमीन आणि पाणी आहे त्यालाच जास्त. भूमिहीन मजुराच्या वाट्याला बहुतेक वेळा श्रमदानच आलं. गट आखले, अधिकारी नेमले, तरी गावातली जमीन आणि जात जागची हलली नव्हती.

जानेवारी १९५७ मध्ये बलवंतराय मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने अहवाल दिला. लोकांमध्ये पुढाकार जागवण्यात कार्यक्रम कमी पडला, असा तिचा निष्कर्ष होता. निवडून आलेल्या संस्थांच्या हाती अधिकार, पैसा आणि जबाबदारी दिल्याशिवाय लोक काम आपलं मानणार नाहीत, असं सांगून समितीने ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय रचना सुचवली.

डे यांनी टीकेला कसं उत्तर दिलं?

एखाद्या मंत्र्याने असा अहवाल बासनात बांधून ठेवला असता. डे यांनी तो उचलून धरला. आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांवर निवडून आलेल्या माणसांचं नियंत्रण असावं, यासाठी ते राज्याराज्यांत फिरले. ग्रामसभेपासून लोकसभेपर्यंत लोकशाहीची सलग साखळी हवी, ही त्यांची मांडणी होती. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातल्या नागौर इथे नेहरूंच्या हस्ते पंचायती राजची सुरुवात झाली. १९६२ च्या निवडणुकीत डे याच नागौरमधून लोकसभेवर गेले.

पण राजकीय वारे फिरत होते. सहकाराचा विषयही त्यांच्या मंत्रालयाकडे आला होता. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्यावर मोठं वादळ उठलं. १९६४ मध्ये नेहरू गेले आणि खात्याचा सगळ्यात मोठा आधार गेला. पुढे युद्ध आणि दुष्काळ आले. देशाला तातडीने धान्य हवं होतं, गावाने स्वतःहून उभं राहण्याची वाट पाहायला वेळ नव्हता. १९६६ मध्ये हे मंत्रालय अन्न व शेती मंत्रालयात विलीन झालं. गट आणि बीडीओ राहिले, स्वतंत्र खातं संपलं.

महाराष्ट्राचा संबंध काय?

महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मेहता समितीने पंचायत समितीला बळ देण्यावर भर दिला होता. नाईक समितीने तो मुद्दा बदलला आणि जिल्हा परिषद हा मुख्य स्तर मानला. आमदार-खासदारांना तिच्या बाहेर ठेवावं, असंही सुचवलं. १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला. जिल्हा परिषदेला मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला, पंचायत समितीत सभापती आले आणि बीडीओ या नव्या रचनेचा भाग झाला. राज्याच्या नेतृत्वाच्या कित्येक पिढ्या पुढे याच जिल्हा परिषदांमधून वर आल्या.

आज हे का आठवायचं?

पंचायतींना घटनेचा आधार देणारं ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक मे १९८९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्याच महिन्यात डे यांचं निधन झालं. ते विधेयक राज्यसभेत अडलं. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची, हे त्यात स्पष्ट आहे.

तरीही महाराष्ट्रात २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका कित्येक वर्षं लांबल्या. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. त्या काळात जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले आणि पंचायत समितीत बीडीओ. म्हणजे ज्याने सभापतींना हिशेब द्यायचा, तोच सभापतींचे अधिकार वापरत होता.

घरकुलाच्या हप्त्यासाठी आलेल्या माणसाला त्या वर्षांतही बीडीओ भेटत होते. नाही भेटले, तर तक्रार घेऊन जायला निवडून आलेला सदस्य आणि सभापती मात्र नव्हता. डे १९५७ नंतर राज्याराज्यांत फिरून याच गोष्टीचा आग्रह धरत होते.