अटकेपासून कोपरगावापर्यंत

अटकेपार झेंडे लावण्याचा वाक्प्रचार ज्या राघोबादादांच्या पराक्रमातून रूढ झाला, त्यांच्याच घराला 'ध चा मा' केल्याचा डाग कायमचा लागला. आपण एका नावाचा अभिमान बाळगतो, दुसऱ्याचा तिरस्कार करतो. परंतु ही दोन माणसे नव्हेत.

पहिल्या बाजीरावांचे हे चिरंजीव १७३४ साली जन्मले. एप्रिल १७५८ मध्ये ते लाहोरात शिरले आणि मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. पण स्वारीहून परतताना त्यांनी खंडणीऐवजी सुमारे ऐंशी लाखांचे कर्ज आणले. उत्तरेची पुढची मोहीम सदाशिवरावभाऊंकडे गेली. हा उपमर्द दादांच्या मनातून गेला नसावा.

पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब वारले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली. अनुभवी काकांना पुतण्याच्या मसनदीपुढे मान लवविणे जड जावे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच होते. दुसऱ्या स्थानावर राहण्याचा त्यांनी एकदाही मनापासून प्रयत्न केला नाही, हा मात्र त्यांचा स्वतःचा दोष होय. १७६२ मध्ये निजामाचे साहाय्य घेऊन ते पेशव्यावर चालून गेले. आळेगावला माधवराव आपण होऊन काकांच्या छावणीत गेले, ते दौलतीत दुफळी नको म्हणून. दादांनी त्या शहाणपणाला दुर्बलता मानले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर काका-पुतणे एकत्र लढले आणि निजामाचा पराभव झाला. या जोडीने काय साधले असते, याची ती झलक होती! पण १७६८ मध्ये धोडपला पुन्हा तलवारी उपसल्या गेल्या. दादा हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. वडीलधाऱ्याला यापेक्षा कठोर शासन करणे त्या घराण्याच्या रीतीत बसत नव्हते. या मर्यादेने दादांचा जीव राखला. त्यांची हाव मात्र आवरली नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांपासून जीव वाचविण्यासाठी अठरा वर्षांचे नारायणराव काकांनाच मिठी मारून बसले. ते तेथेच मारले गेले. हुकूम धरण्याचा होता की मारण्याचा, आणि आनंदीबाईंनी अक्षर बदलले की ती केवळ आख्यायिका, हा वाद आजही संपलेला नाही. आमच्या मते त्याने फारसा फरक पडत नाही. शस्त्रधारी भाडोत्री शिपाई पेशव्याच्या महालात शिरवणारा मनुष्य अक्षराच्या आड लपू शकत नाही. रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी ठरविले आणि पुणे सोडले.

दादांना वस्त्रे मिळाली खरी, पण ती काही महिनेच टिकली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि बारभाईंना धनी लाभला. तेव्हा लाहोर जिंकणारा हा सेनापती इंग्रजांच्या दारात गेला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने साष्टी व वसई देण्याचे त्यांनी कबूल केले. वसई त्यांचेच काका चिमाजीअप्पा यांनी १७३९ मध्ये जिंकलेली! सात वर्षे युद्ध चालले. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फौज शरण आली, तरी दादांचे डोळे उघडले नाहीत.

शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनीच त्यांचा पक्ष सोडला. दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन ते गोदाकाठी कोपरगावी राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच वारले. घरात आठ वर्षांचा मुलगा होता. त्याच दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत इंग्रजांच्या तहावर सही केली.