शिसं घासणाऱ्या मुलाची अक्षरं

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक लग्नपत्रिका आली. सोनेरी, वळणावळणाची, वेलबुट्टीसारखी अक्षरं. दिसायला सुंदर, पण सासूबाईंना मुलीचं नाव काही लागेना. त्याच सासूबाई रोज संध्याकाळी देवघरातली जुनी पोथी मात्र भराभरा वाचतात. ती पोथी निर्णयसागर छापखान्याची. तिची अक्षरंही सुंदरच आहेत, आणि त्यांच्यामागे जावजी दादाजी चौधरी नावाच्या माणसाचं अख्खं आयुष्य आहे.

जावजींचा जन्म 1839 चा, मुंबईतल्या गरीब मराठा घरातला. शिकायच्या वयात, दहाव्या वर्षीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम काय, तर शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, घासून साफ करायची. पगार महिना दोन रुपये! तिथे थॉमस ग्रॅहम नावाचे साहेब देवनागरी खिळे पाडण्यात तरबेज होते. पोराने खिळे घासता घासता सगळं डोळ्यांत साठवलं असणार. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश अशा छापखान्यांतून नोकऱ्या केल्या आणि 1864 मध्ये खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला.

हे काम सोपं नव्हे हं. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतायचा. मोदकाच्या साच्याची कळी नीट नसेल तर मोदक कसा बसका होतो, तसंच. इंग्रजीचं भागतं सव्वीस अक्षरांच्या लहानमोठ्या रूपांवर. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, शिवाय जोडाक्षरं! खिळे शेकड्यांनी लागतात आणि शेजारी लावल्यावर वरची रेघ कुठे तुटता कामा नये. जावजींना यात साथ मिळाली मित्राची, राणोजी रावजी आरू यांची. कोरणारा हात राणोजींचा. बोरूने लिहिलेल्या पोथीत असतो तसा जाड-बारीक डौल त्यांनी पोलादात उतरवला.

त्या काळी सोवळ्यातली माणसं छापील पोथीला शिवत नसत. शाईत चरबी असते, अशी शंका. अशा लोकांच्या देवघरात छापील अक्षर न्यायचं म्हणजे ते हातच्या अक्षराइतकंच देखणं हवं. 1869 मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. 1886 पासून जुनी संस्कृत काव्यं छापणारी काव्यमाला निघाली आणि निर्णयसागरची पुस्तकं परदेशी पंडितांच्या टेबलावरही गेली. ज्याला शाळा लाभली नाही, त्याच्या छापखान्यात हे सगळं झालं!

आपल्या जिल्ह्याचाही यात वाटा आहे बरं का. हेदवीचे विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी बालबोध मासिक 1881 मध्ये काढलं, ते जावजींच्याच छापखान्यातून. किती मुलांनी, आणि आईशेजारी बसून किती मुलींनी त्यावर वाचन पक्कं केलं असेल!

1892 मध्ये जावजी गेले. पन्नाशी नुकती उलटली होती. कारभार मुलाने, तुकाराम जावजींनी सांभाळला. आमच्या पोथीवर त्यांचंच नाव आहे. त्या दिवशी मी राणोजींचं नाव शोधायला सगळी पानं उलटली. ते कुठेच सापडलं नाही.