नाटकाचे मास्तर गोविंद बल्लाळ देवल

या वेळी बाईंनी भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाला एक थोर माणूस दिला. कुणाला शिवाजी महाराज, कुणाला सावित्रीबाई. माझ्या चिठ्ठीत गोविंद बल्लाळ देवल आले. मला वाटलं हे कोण? मग बाईंनी मोठं पुस्तक दिलं आणि काही गोष्टी तोंडी सांगितल्या. त्या मी लिहिते आहे.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळ हरिपूर या गावी झाला. तिथे कृष्णा आणि वारणा या नद्या एकमेकींना मिळतात. ते शिकायला बेळगावला गेले. बेळगाव आता कर्नाटक राज्यात आहे. पुढे त्याच गावी ते स्वतः शाळेत शिक्षक झाले. म्हणजे देवल आधी आपल्या गुरुजींसारखेच फळ्यावर लिहीत असणार.

बेळगावात त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर भेटले. किर्लोस्करांनी १८८० साली संगीत शाकुंतल नाटक रंगभूमीवर आणले. देवल त्यांच्या मंडळीत गेले, नाटकात कामे करू लागले आणि तालमी घ्यायला मदत करू लागले. पण १८८५ साली किर्लोस्कर वारले. देवलांनी मग पुण्याला शेतीचा अभ्यास केला. शेती शिकलेला माणूस नाटकात कसा, हे ऐकून माझे बाबा खूप हसले. बाबा शेतीच करतात.

देवलांनी सात नाटके लिहिली. दुर्गा, मृच्छकटिक, झुंजारराव, संशयकल्लोळ अशी त्यांची नावे आहेत. बरीचशी संस्कृत नाहीतर इंग्रजी नाटकांवरून केलेली आहेत. झुंजारराव हे शेक्सपिअर नावाच्या इंग्रज नाटककाराच्या ऑथेल्लोवरून आहे. त्यात झुंजाररावाचे काम गणपतराव जोशी करीत आणि ते फार गाजले.

पण बाई म्हणाल्या की देवलांचं खरं मोठेपण तालमीत होतं. त्यांना नाट्यशिक्षक म्हणत. नटाने शब्द स्पष्ट कसा उच्चारायचा, कुठे थांबायचं, रागावलेला माणूस कसा चालतो, हे ते शिकवीत. तेव्हा बायका नाटकात काम करीत नसत. बायकांची कामे पुरुषच नऊवारी नेसून करीत. बालगंधर्व फार प्रसिद्ध होते, त्यांनाही देवलांनी शिकवले. गणपतराव बोडस यांनाही शिकवले. आमच्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तर ती खिदळत बसली. त्यांना एकदा साडी नेसून चालायला लावलं पाहिजे, म्हणजे कळेल!

सातांतले एकच नाटक देवलांनी स्वतःच्या मनाने रचले. ते म्हणजे संगीत शारदा. ते १८९९ साली रंगभूमीवर आले. त्याची गोष्ट अशी. शारदा ही लहान मुलगी. तिच्या बापाचे नाव कांचनभट. कांचन म्हणजे सोने, आणि तो पैशाचा लोभीच आहे. भुजंगनाथ नावाचा श्रीमंत म्हातारा, त्याला पुन्हा लग्न करायचे असते. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ ते जमवून देतो आणि बाप पैसे घेऊन मुलगी द्यायला तयार होतो. शारदेच्या आईला हे पटत नाही, पण तिचं कोण ऐकणार? कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो. शारदा जीव द्यायला निघते, तेव्हा तोच तिला वाचवतो. शेवटी त्या दोघांचे लग्न होते.

मी ही गोष्ट रात्री मोठ्या आईला वाचून दाखवली. मोठी आई म्हणजे माझी पणजी. तिला वाचता येत नाही. ती हसेल असं मला वाटलं होतं, कारण म्हाताऱ्याची फजिती होते. पण ती गप्पच बसली. मग म्हणाली की तिचं लग्न बारा वर्षांची असताना झालं. नवरा म्हातारा नव्हता, चांगला होता, पण तिची शाळा सुटली ती सुटलीच. आधी तिने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मी दहा वर्षांची आहे. मला दोन वर्षांनी बारा होतील.

शारदा नाटक लोक वर्षानुवर्षे बघत होते. १९२९ साली कायदा झाला, त्यात मुलीचे वय १४ ठरले. आता ते १८ आहे. मोठ्या आईचं लग्न कायदा झाल्यानंतरच झालं, तरी कुणी अडवलं नाही. हे मला समजत नाही. मी बाईंना विचारलं, तर बाई म्हणाल्या हेही लिही.

देवल १४ जून १९१६ रोजी वारले. त्या दिवशी नाट्य परिषद नाटकवाल्यांना पुरस्कार देते. आपली शाळा त्याच सुमारास उघडते. ठाण्याला तलावपाळीवर गडकरी रंगायतन आहे, १९७८ सालचे. कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे. मामा म्हणाला की शारदा लागलं तर नेईन. मी म्हटलं मोठ्या आईलाही न्यायचं. तिला एस.टी.त उलटी होते, म्हणून खिडकीची जागा धरायची आहे.