वऱ्हाडचे नाटककार कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

शाळेचें स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे नाटकाच्या तालमी सुरू होतात, आणि त्याबरोबरच पालकांच्या चिठ्ठ्याहि येऊं लागतात. तालमींनीं अभ्यास बुडतो, नाटकाच्या नादानें मुलें बिघडतात, सबब आमच्या मुलास त्यांतून वगळावें, असा त्यांचा आशय असतो. एका सद्गृहस्थांनीं तर आम्हांस समक्षच विचारिलें कीं, नाटकानें मनुष्याचें कोणतें हित होतें? त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. पुढें विचार करितां करितां, ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच वऱ्हाडांत गेला अशा एका थोर नाटककाराचें चरित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. त्या प्रश्नाचें उत्तर या चरित्रांत आहे, असें वाटल्यावरून तें येथें थोडक्यांत सादर करितों.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म २९ जून १८७१ रोजीं नागपूर येथें झाला. त्यांचें बालपण बुलढाण्यास गेलें. १८८८ सालीं अकोल्यास हायस्कुलाचें शिक्षण पुरें करून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले, व १८९१ सालीं बी. ए. झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाचें वेड साऱ्या महाराष्ट्रास लागलें होतें. कापसाच्या पेठांमुळें भरभराटीस आलेल्या अकोला, अमरावती, खामगांव या गांवींहि नाटकमंडळ्यांचे मुक्काम पडत. श्रीपादरावांच्या ठायीं ही आवड केवळ करमणुकीपुरती राहिली नाहीं. 'विक्रमशशिकला' या नाटकावर टीकालेख लिहून १८९३ सालीं त्यांनीं लेखनास आरंभ केला. उत्तम नाटककार होण्यापूर्वीं मनुष्यानें उत्तम प्रेक्षक झालें पाहिजे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून ध्यानांत घ्यावें.

त्यांचें पहिलें नाटक 'वीरतनय' १८९६ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. पुढल्याच वर्षीं ते एल्एल्. बी. झाले, आणि अकोला, खामगांव व जळगांव-जामोद येथें त्यांनीं वकिली केली. हा व्यवसाय सांभाळून त्यांनीं एकंदर बारा नाटकें लिहिलीं. पूर्वींच्या बहुतेक नाटककारांनीं पुराणांतील अगर जुन्या संस्कृत नाटकांतील कथानकें घेतलीं होतीं. कोल्हटकरांनीं आपलीं कथानकें स्वतःच्या कल्पनेनें रचिलीं. पारशी व उर्दू रंगभूमीवरील चटकदार चालींवर त्यांनीं पदें बांधिलीं, आणि कोटीबाज संवादांनीं प्रेक्षकांस हंसविलें.

परंतु हंसविणें एवढाच त्यांचा हेतु नव्हता. मद्यपान, बालविधवांचे हाल, स्त्रियांचें अज्ञान या त्या काळच्या समाजाच्या जिव्हारीं लागलेल्या जखमा होत्या. 'मूकनायक' नाटकांत त्यांनीं मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविले, तर 'मतिविकारा'त विधवाविवाहाचा प्रश्न हातीं घेतला. या विषयांवर व्याख्यानें होत, पुस्तकें निघत. परंतु व्याख्यानास बहुधा तेच जातात ज्यांस तें मत आधींच मान्य असतें. नाटकास मात्र सुधारक आणि सनातनी, साक्षर आणि निरक्षर सारेच येतात. शेजारीं शेजारीं बसून ते एकाच प्रसंगीं हंसतात आणि एकाच प्रसंगीं डोळे पुसतात. ज्या विधवेचें नांव घरांत कोणी काढीत नाहीं, तिचें दुःख रंगभूमीवर तास दोन तास सर्वांस पाहावें लागतें. नाटकाचें सामर्थ्य आहे तें हेंच.

हाच हेतु त्यांनीं विनोदी लेखांतहि साधिला. कोर्टांतील अनुभवाचा उपयोग करून १९०२ सालीं त्यांनीं 'साक्षीदार' हा लेख लिहिला, आणि मराठींत विनोदी निबंधाचा पाया घातला गेला. असे बत्तीस लेख 'सुदाम्याचे पोहे' या पुस्तकांत १९२३ सालीं एकत्र निघाले. त्यांतील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे भाबडे गृहस्थ खुळचट रूढी अगदीं निष्ठेनें पाळूं जातात, आणि वाचकास प्रथम त्यांचें व मग स्वतःचें हंसूं येतें. रागें भरून जें खूळ जात नाहीं, तें कित्येकदां हंसण्यानें जातें. महाराष्ट्राची थोरवी गाणारें त्यांचें गीत प्रसिद्धच आहे. १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद देऊन महाराष्ट्रानें त्यांचा गौरव केला.

एवढें असूनहि कोल्हटकरांचीं नाटकें आज रंगभूमीवर दिसत नाहींत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांचीं कथानकें गुंतागुंतीचीं होतीं. वेषांतरें आणि रहस्यें यांची त्यांत गर्दी असे. पात्रें एकमेकांवर कोट्या करूं लागलीं म्हणजे प्रेक्षकांस त्यांच्या दुःखाचा विसर पडे. मग त्यांचें श्रम फुकट गेले काय? तसें नाहीं. राम गणेश गडकरी या तरुणानें त्यांस गुरु मानिलें होतें. जो विषय गुरूंनीं 'मूकनायका'त हाताळिला, तोच शिष्यानें 'एकच प्याला' या नाटकांत घेतला. त्यांतील सुधाकर हा हुशार वकील दारूपायीं कसा धुळीस मिळतो, आणि त्याची पत्नी सिंधु तें सारें कसें सोसते, हें पाहून महाराष्ट्रानें अश्रु ढाळिले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें अकालीं वारले, व हें नाटक त्यांच्या पश्चात् त्याच वर्षीं रंगभूमीवर आलें. पुढें 'ययाति'बद्दल ज्ञानपीठ पारितोषिक मिळविणारे वि. स. खांडेकर हेहि कोल्हटकरांस गुरुस्थानीं मानीत. आमच्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें 'रणदुंदुभि' १९२७ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां पारतंत्र्याची चीड हाच त्याचा विषय होता. रंगभूमीनें लोकांस जागें करावें, ही कोल्हटकरांची निष्ठा अशी इतरांच्या नाटकांतहि नांदत राहिली.

१ जून १९३४ रोजीं श्रीपादरावांचें देहावसान झालें.

आतां त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतों. नाटकानें अभ्यासाचे कांहीं तास जातात, हें आम्हांस कबूल आहे; तालमी वेळेंत आटोपणें हें आम्हां शिक्षकांचें काम, व त्यांत आमची कसूर होत असेल तर पालकांनीं जरूर बोल लावावा. परंतु जो मुलगा पंधरा दिवस दुसऱ्याच्या दुःखाचे शब्द आपल्या तोंडानें बोलतो, तो रस्त्यांतील दारुड्याकडे किंवा शेजारच्या निराधार बाईकडे पूर्वींसारखा उपहासानें पाहूं शकत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. हें शिक्षण कोणत्याहि परीक्षेच्या गुणपत्रिकेंत येत नाहीं. पण गांवांत राहावयाचें तर त्याची गरज पदोपदीं पडते.

विद्यार्थी मित्रांनो, संमेलनांत तुम्हांस राजाची भूमिका न मिळतां भिकाऱ्याची मिळाली, तर रुसूं नका. तो भिकारी खरा वाटेल असा उभा करा. आणि पालकहो, त्या दिवशीं आपण पहिल्या रांगेंत येऊन बसावें, एवढीच आमची विनंती आहे.