विश्लेषण : महान चित्रकार रेम्ब्राँचे घर का गेले?

हातात मोठी रक्कम आहे, पण महिन्याला ठरावीक पगार नाही. अशा ग्राहकाला गृहकर्ज देताना बँक काचकूच करते. निम्मे पैसे रोख भरतोय, मग अडचण काय, असा त्याचा प्रश्न असतो. जगप्रसिद्ध डच चित्रकार रेम्ब्राँ याच पेचात सापडला होता. फरक एवढाच, की त्याला कर्ज सहज मिळाले.

घर घेतले कसे?

१६०६ मध्ये लायडन येथे एका गिरणीवाल्याच्या घरी जन्मलेला रेम्ब्राँ पंचविशीत ॲमस्टरडॅमला आला आणि श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढून नावारूपाला आला. १६३४ मध्ये त्याने सास्कियाशी लग्न केले. ती लेवार्डनच्या माजी महापौरांची मुलगी. माहेरचा पैसा भरपूर. जानेवारी १६३९ मध्ये त्याने शहरातले मोठे घर १३ हजार गिल्डरना घेतले. ‘नाइट वॉच’ या त्याच्या गाजलेल्या चित्राचे त्याला सुमारे १६०० गिल्डर मिळाले होते. म्हणजे तशी आठ चित्रे विकली, तेव्हा एक घर!

कर्ज बँकेचे नव्हते. पाव रक्कम वर्षभरात आणि उरलेली पाच-सहा वर्षांत व्याजासह द्यायची, असे विकणाऱ्यांशीच ठरले. मिळकत किती, कधी येते, याची आजच्यासारखी छाननी नव्हती.

हप्ते का थकले?

१६४२ मध्ये सास्किया गेली. मुलगा टायटस तेव्हा वर्षाचाही नव्हता. तिने आपला वाटा मुलाच्या नावे केला. रेम्ब्राँला तो वापरण्याची मुभा होती, पण पुन्हा लग्न केल्यास तो हक्क जाणार होता. पुढे व्यक्तिचित्रांची कामे कमी झाली. तरीही लिलावातली खरेदी थांबली नाही. चित्रे, पुतळे, शस्त्रे, शिंपले, जे दिसेल ते घरात येत होते. (मुघल दरबारची लघुचित्रेही त्याच्या पाहण्यात आली होती, त्यांवरून त्याने केलेली रेखाटने आजही आहेत.) कमाई चांगली असताना घर फेडून टाकणे त्याला जमले असते, असे हिशेब पाहता वाटते.

१६५३ मध्ये, इंग्लंडशी युद्ध सुरू असताना, घराच्या मूळ मालकाने तगादा लावला. व्याज आणि करांसह थकबाकी सुमारे साडेआठ हजार गिल्डर होती. रेम्ब्राँने ती फेडण्यासाठी तिघांकडून नऊ हजारांहून अधिक उसने घेतले. जुने कर्ज गेले, नवे आले. उत्पन्न होते तिथेच राहिले.

१६५६ मध्ये त्याने दिवाळखोरी पत्करली. त्याआधी घर टायटसच्या नावे करून पाहिले, पण धनको गप्प बसले नाहीत. १६५८ मध्ये घर ११,२१८ गिल्डरना विकले गेले. खरेदीपेक्षाही कमी.

आज काय झाले असते?

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. पण ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्ष रक्कम ठरते ती उत्पन्नातून किती हप्ता झेपेल यावर. स्वतःचे पैसे जास्त घातले की कर्ज लहान होते, व्याजदरातही कधी सवलत मिळते. पण हप्ता शेवटी येणाऱ्या पैशातूनच जातो. म्हणून व्यावसायिकांकडे मागच्या दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात. मिळकत कमी असेल, तर कमावती पत्नी, पती किंवा मुलगा यांना सहअर्जदार करणे हा सरळ मार्ग.

रेम्ब्राँच्या घरच्यांनीही काहीसे तसेच केले, पण उशिरा. १६६० मध्ये टायटस आणि रेम्ब्राँची जोडीदार हेंड्रिक्ये यांनी चित्रविक्रीचा व्यवसाय आपल्या नावावर घेतला. रेम्ब्राँ कागदोपत्री त्यांचा नोकर झाला, म्हणजे नव्या चित्रांवर धनकोंचा हात पडायला नको. हेंड्रिक्ये १६६३ मध्ये, टायटस १६६८ मध्ये गेला. रेम्ब्राँ ४ ऑक्टोबर १६६९ रोजी भाड्याच्या घरात वारला.

ते जुने घर १९११ पासून त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. आतल्या खोल्या पुन्हा सजवताना आधार घेतला गेला तो दिवाळखोरीच्या वेळी केलेल्या ३६३ नोंदींच्या यादीचा.