मोडीत निघालेले अडकित्ते आणि दिवे विकत घेत देशभर फिरणारा पुण्याचा चष्मेवाला कवी

फिरायला गेलो की आपण काहीतरी घेऊन येतोच. राजस्थानातून कठपुतळी, सावंतवाडीतून लाकडी खेळणी, कोल्हापुरातून चपला. मेक्सिकोला जाणारे तिथली मातीची भांडी आणतात. घरी आल्यावर ती वस्तू शोकेसमध्ये जाते आणि विषय संपतो.

पण पुण्यातल्या एका माणसाचा विषय साठ-सत्तर वर्षं संपलाच नाही. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर.

जन्म १० जानेवारी १८९६. घरचा धंदा चष्म्याच्या दुकानाचा आणि आवड कवितेची. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते लिहायचे. कवितेचे विषय इतिहासातले, त्यामुळे जुने वाडे आणि जुनी सरदार घराणी यांच्याकडे ओढ आधीपासून होतीच. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली.

आता जुन्या वस्तू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तलवारी आणि नाणी येतात. केळकरांनी काय घेतलं? अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपं, विळ्या, किसण्या, पाय घासायच्या वज्री. आणि दिवे, कितीतरी प्रकारचे दिवे. म्हणजे ज्या वस्तू घरातलं कुणी 'वस्तू' म्हणून मोजतच नाही त्या. पण सुपारी कातरायच्या साध्या अडकित्त्याला कारागिराने पोपटाचा किंवा घोड्याचा आकार का दिला असेल? काम तर बिनआकाराच्या अडकित्त्यानेही होतं. केळकरांना त्या कारागिराचं अप्रूप होतं. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नसतं.

त्यांची घाई का होती हे गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. आमच्या बाभुळगावात आजीचा तांब्याचा हंडा मोडीत गेला आणि घरात स्टीलचं पातेलं आलं. कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. मोडीत पितळेला वजनाचा भाव मिळतो, नक्षीचा नाही. भट्टीत गेलेला दिवा परत येत नाही. म्हणून मोडीआधी गाठायचं, हाच केळकरांचा उद्योग. त्यासाठी ते खेडोपाडी फिरले, महाराष्ट्राबाहेर गुजरात, राजस्थान, दक्षिणेतही गेले.

पैसे कुठून आले? चष्म्याच्या दुकानातून, आणि ते पुरेनात तेव्हा पत्नी कमलाबाईंच्या दागिन्यांतून. संग्रहालयाच्या गोष्टीत कमलाबाई एका ओळीत उरकल्या जातात, हे मला तरी खटकतं. नवऱ्याच्या छंदासाठी अंगावरचं सोनं देणं ही एका ओळीची गोष्ट नाही.

या जोडप्याचा मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला. पुढे या सगळ्या संग्रहाला त्याचं नाव दिलं गेलं : राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुष्कळांना वाटतं, राजा दिनकर हे कुठल्यातरी संस्थानिकाचं नाव असेल. तसं नाही. ते लेकाचं नाव आहे, मागे बापाचं.

केळकरांची हिंमत बघायची तर मस्तानी महाल बघावा. कोथरूडला असलेल्या मस्तानीच्या महालाचे अवशेष त्यांनी उचलून आणले आणि संग्रहालयात पुन्हा उभे केले.

साधारण त्याच काळात तिकडे मेक्सिकोत चित्रकार दिएगो रिवेरा स्पॅनिश लोक येण्याआधीच्या मूर्ती आणि भांडी जमवत होता. त्याच्या संग्रहासाठी बांधलेलं अनाहुआकाली संग्रहालय १९६४ साली उघडलं, तेव्हा तो हयात नव्हता. केळकरांनी मात्र स्वतःच्या हाताने सोडलं. १९६० पर्यंत वस्तू १५ हजारांच्या घरात गेल्या होत्या आणि १९७५ साली त्यांनी संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. विकला असता तर पिढ्या बसून खाल्ल्या असत्या.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे बाजारात कुणी 'दोनशे वर्षं जुना' दिवा दाखवला तर दोनच शक्यता : एकतर तो नवा आहे, नाहीतर कागदपत्रं विचारायला हवीत. नवा असेल तर खुशाल घ्या, फक्त तो घडवणाऱ्याकडून घ्या.

केंद्र सरकारने केळकरांना पद्मश्री दिली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. पुण्यात बाजीराव रोडजवळच्या त्या इमारतीत आज २० हजारांवर वस्तू आहेत. मांडलेल्या जेमतेम अडीच हजार, बाकीच्यांना जागाच नाही.