सुरांचा कस पाहणारे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

कुंभकोणमहून रेल्वेने चेन्नईला जाताना चेंगलपट्टू मागे पडले की थोड्याच वेळात सिंगपेरुमाळ कोइल नावाचे लहानसे स्टेशन लागते. त्या वेळी आपली मंडळी बॅगा खाली काढण्याच्या गडबडीत असतात. मी मात्र खिडकीतून त्या फलाटाला हात जोडतो. कारण आपल्या मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी २७ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे देह ठेवला. आपल्यापैकी बरेच जण सांगली जिल्ह्यातले, गलाईच्या धंद्यासाठी इकडे आलेले. गावी जायचे तर मिरज स्टेशन चुकत नाही. त्या मिरजेचा आणि या तामिळ मुलखाचा धागा जोडणाऱ्या या थोर गवयाची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे वाटले.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. त्यावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. घरात गाणे आणि सारंगी पिढीजात. तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दरबारी आले. तेथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या. दोघांचे मन जुळले आणि लोकापवाद पत्करून ती दोघे बडोदे सोडून गेली. पुढे १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. त्यांना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा या परंपरेचा मान साऱ्या देशाने केला.

खाँसाहेबांच्या गाण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते त्यांच्या तंबोऱ्याविषयी. ते वाद्ये स्वतः दुरुस्त करीत आणि हत्यारे जवळ बाळगीत. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय त्यांचे गाणे सुरू होत नसे. १९२० च्या सुमारास ते मिरजेत स्थिरावले. त्यांच्यासारखा कान असलेला गवई आणि तंबोरे करणारे कारागीर एकाच गावात राहिले, याचा लाभ दोघांनाही झाला.

मिरजेत हा धंदा १८५० च्या सुमारास सुरू झाला. फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरत चालले होते. दुरुस्तीला आलेली वाद्ये हाताळता हाताळता त्यांनी तंबोरे बनवायला सुरुवात केली. पंढरपूर भागातला वाळवलेला मोठा भोपळा घ्यायचा, त्याला तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली जोडायची, खुंट्या बसवायच्या. एवढे झाले की वाद्य दिसायला पुरे होते, पण आवाज अजून मुका असतो. त्याला बोलते करते ती जवारी.

तबलीवर बसवलेल्या घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर थरथरत टेकते आणि सुटते. तारेखाली बारीक दोरा सरकवीत नेला की एका नेमक्या जागी आवाज एकदम उमलतो. गिटार करणाऱ्याला तार घोडीपाशी झणझणली तर तो दोष वाटतो. तो पुढच्या फळीची जाडी आणि आतल्या पट्ट्या कमीजास्त करून आवाज घडवतो. इकडच्या तंजावर वीणेत फणसाचे लाकूड आणि मेणावर बसवलेले चोवीस पडदे यांचे काम मोठे. तंबोऱ्यात मात्र ती झणझणच गुंजन होते. जवारी नीट खुलली की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात.

ही घोडी कानशीने घासावी लागते. आपल्या मूशीतले सोने बिघडले तर पुन्हा वितळवता येते. घोडीची पाठ एकदा जास्त घासली गेली की ते कण परत चिकटवता येत नाहीत. म्हणून एक हात मारायचा आणि दहा वेळा ऐकायचे. कस दगडावर नव्हे, कानावर लावायचा. खाँसाहेबांचा कान इतका चोख होता की सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी श्रुतींच्या अभ्यासासाठी त्यांच्या गळ्याचे साहाय्य घेतले.

संसाराचा सूर मात्र असा जुळला नाही. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावेही बदलली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही ती मुले. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, पण बापाचे नाव त्यांच्या नावापुढे राहिले नाही. तरी हिराबाईंची ध्वनिमुद्रिका लावली की स्वरावर शांतपणे स्थिरावण्याची ती रीत कोणाची, हे सांगावे लागत नाही.

खाँसाहेबांना दक्षिणेचे मोठे प्रेम होते. म्हैसूर दरबारी त्यांचा सन्मान झाला. कर्नाटक संगीत त्यांनी आदराने ऐकले, सरगम आपल्या ख्यालात आणली आणि आपल्या कावेरीकाठच्या त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली. उत्तरेच्या गवयाने हे करणे त्या काळी नवलाचेच.

मद्रासहून पाँडेचरीला अरविंदांच्या आश्रमाकडे जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. ते सिंगपेरुमाळ कोइलला उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तंबोरा जुळवला, दरबारी रागात प्रार्थना म्हटली आणि प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची समाधी आहे. तेथे दरवर्षी उरुसाला गवई हजेरी लावतात. तंजावर वीणेला २०१३ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला दुहेरी आनंद.

मी राहतो त्या इन्नंबूरला अक्षरे जाणणाऱ्या शंकराचे देऊळ आहे. मुलांना पहिले अक्षर गिरवायला तेथे आणतात. जवारी मात्र अक्षरांत मावत नाही, ती जाणत्याजवळ बसून कानानेच शिकावी लागते. आपली मुले आता तामिळ आणि इंग्रजीत शिकतात. गावी जाल तेव्हा त्यांना मिरजेला तासभर उतरवा, एखाद्या कारागिराच्या दुकानात बसवा आणि तो न छेडलेला गंधार ऐकवा. विद्येच्या आणि कलांच्या देवतेपुढे बसणाऱ्या आपल्या मंडळाकडून खाँसाहेबांना हीच आदरांजली.

गणपती बाप्पा मोरया!